चिमट्याने मोजलेले बारा आठवडे

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, थोरल्या मुलीची दहावी झाल्यावर, मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. माझ्या विषयाचे शीर्षक लांबलचक होते, पण त्याचा मथितार्थ एवढाच की पारंपरिक तालमीच्या मेहनतीला वजनांच्या आणि वेगाच्या व्यायामाची जोड दिली, तर बारा आठवड्यांत पैलवानाच्या शरीरसंरचनेवर आणि कामगिरीवर काय परिणाम होतो हे पाहायचे. शरीरसंरचना म्हणजे एकूण वजनात चरबीचा वाटा किती आणि स्नायू, हाडे, पाणी यांचा वाटा किती, याचा हिशेब. चरबी घटेल आणि कामगिरी वाढेल, हे मी नाव नोंदवण्याआधीच मनाशी धरून ठेवले होते, आणि त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

पैलवानच का निवडले, असे प्रवेशाच्या मुलाखतीत विचारले गेले, तेव्हा मला उत्तर शोधावे लागले नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचे कवठेपिरान आमच्या शाळेपासून फार लांब नाही, कुंडलच्या मैदानाला मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे, आणि माझ्या वर्गातली दोन-तीन मुले तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तालमीत राहायला असतात. शिवाय एक व्यावहारिक कारण होते. यात्रा-जत्रांची मैदाने दिवाळीनंतर सुरू होतात आणि पाऊस लागला की थांबतात. जून ते सप्टेंबर हा तालमीत मेहनतीचा काळ असतो, मुले एका जागी सापडतात, सलग बारा आठवडे मिळू शकतात. नदीकाठच्या ज्या तालमीत मी गेलो, तिथे अठरा ते तेवीस वयाची तीसेक मुले मुक्कामाला होती. पहाटे साडेचारला उठून जोर, बैठका, दोर चढणे, मग आखाड्यात जोड धरून लढती, आणि दुपारच्या झोपेनंतर संध्याकाळी पुन्हा मेहनत, असा त्यांचा दिवस होता.

वस्तादांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरं तुमचीच हायती सर, पर जिमनं अंग आखडतं. आखडलेल्या गड्याचा पट काढायला वेळ लागत न्हाई." पट काढणे म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव. वजने उचलल्याने लवचिकता जाते ही समजूत जुनी आहे आणि सांध्याच्या पूर्ण हालचालीत व्यायाम केला तर लवचिकता जात नाही, हे मी त्यांना सांगितले, त्यांचा विश्वास बसला असे काही वाटले नाही. पण त्यांच्या दुसऱ्या शंकेत मात्र मला वाचलेले संशोधन दिसले. ते म्हणाले की सगळेच वाढवले तर पोरगे दमेल आणि काहीच वाढणार नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका हेच सांगतो. त्यांनी दहा आठवडे एका गटाला फक्त ताकदीचा, दुसऱ्याला फक्त दमश्वासाचा आणि तिसऱ्याला दोन्ही व्यायाम दिले. दोन्ही करणाऱ्या गटाची पायांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत फक्त ताकदीच्या गटासारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घटली. म्हणून आम्ही ठरवले की वजनांचे दोन दिवस आणि छोट्या वेगवान धावांचा एक दिवस हे मेहनतीवर लादायचे नाहीत, तर तेवढ्या वेळेच्या बैठका आणि जोर कमी करायचे. दोन्ही गटांचा एकूण वेळ सारखा राहील आणि आखाड्यातल्या लढतींना कुणीही हात लावणार नाही. या शेवटच्या अटीवर वस्तादांनी मान हलवली.

आता चिमट्याविषयी. चरबी मोजायला प्रयोगशाळेत डेक्सासारखी क्ष-किरणांवर चालणारी यंत्रे असतात. पाण्याखाली वजन करण्याची जुनी पद्धतही आहे. तालमीत यातले काहीही नेता येत नाही. पायाखाली ठेवायचा, शरीरातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून चरबीचा आकडा दाखवणारा वजनकाटा स्वस्त मिळतो, पण तो खरे तर अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, आणि पहाटेच्या मेहनतीत दीड-दोन किलो घाम गाळून आलेल्या मुलावर त्याचा अंदाज पार कोसळतो. मी तो शाळेतल्या एका शिपायावर आणि स्वतःवर दोन दिवस वापरून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. उरला तो स्किनफोल्ड कॅलिपर. कातडी आणि तिच्याखालच्या चरबीची घडी बोटांनी उचलायची, बोटांपासून एक सेंटिमीटरवर कॅलिपरचे जबडे लावायचे, दोन सेकंद थांबायचे आणि आकडा वाचायचा. आमच्या विभागाकडे असलेल्या हार्पेंडन कॅलिपरचा दाब दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम असा बांधलेला असतो आणि त्यावर ०.२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. वाचायला हे सगळे सोपे आहे. मुलांनी त्याचे नाव पहिल्याच दिवशी 'चिमटा' ठेवले आणि माझे 'चिमटा सर'.

माझ्या मार्गदर्शिका, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्यांनी मला सुरुवातीलाच एक काम दिले. दहा विद्यार्थी घ्यायचे, आठ ठिकाणी मोजायचे, तासाभराने आधीचे आकडे न पाहता पुन्हा मोजायचे. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज घ्यायची, तिला माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. ही मोजणाऱ्याची तांत्रिक त्रुटी. ती सरासरीच्या टक्केवारीत मांडली तर मुरलेल्या हाताची पाचच्या आत असावी असा संकेत आहे. माझी दंडाच्या मागची त्रुटी अकरा निघाली आणि पोटावरची चौदा. मॅडमनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या कार्यक्रमाने पोटावरची चरबी दहा टक्के कमी झाली, तर ती मुलांची कमी झाली की तुमच्या बोटांची, हे तुम्ही कसे ओळखणार?"

मग चार महिने मी फक्त हात बसवत होतो. जागा चुकणे हा पहिला दोष होता. दंडाची घडी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या बाहेरच्या हाडापर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर, मागच्या बाजूस घ्यायची असते. मी ती डोळ्याने घेत होतो आणि एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलत होता. पाठीवरची घडी खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर, तिरकी. ते टोक स्नायूंनी भरलेल्या पाठीत चाचपून सापडायला वेळ लागतो. हात मागे वळवायला सांगितला की पाते उठून दिसते, ही युक्ती मला एका अनुभवी प्रशिक्षिकेने दाखवली. टेपने मोजून, पेनाने खूण करून मगच घडी उचलायची सवय लागली. शाळेतले सहकारी, मेहुणा, शेजारचा दूधवाला, सगळे माझ्या हाताखालून गेले. घरी एकदा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले की आमची चरबी मोजून संपली असेल तर गॅसचा नंबर लावता का. त्या दिवसापासून घरात मोजणे बंद केले. माझ्यासोबत शेजारच्या शाळेतले एक क्रीडाशिक्षक मित्रही हे शिकत होते. त्यांना पीएच.डी. करायची नव्हती, केवळ कुतूहल होते. या कुतूहलाने माझे काम वाचवले, ते पुढे सांगतो.

संमतिपत्राचा भाग मी कागदी औपचारिकता समजत होतो. माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी इथे मांडली, आणि त्यांतले मुख्य सूत्र असे की सहभागी होणाऱ्याला सगळे समजावे, त्याने स्वेच्छेने होकार द्यावा आणि केव्हाही कारण न देता बाहेर पडता यावे. मी हे वाचून दाखवत असताना वस्तादांनी मध्येच विचारले, "हेलसिंकी म्हंजे आपल्या खाशाबांचं हेलसिंकी?" कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये तिथेच बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले होते, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी होय म्हणताच सगळ्या मुलांचे कान टवकारले आणि नीतितत्त्वांना अचानक वजन आले. पण लगेच वस्ताद म्हणाले, "आता कोन माघार घेतोय ते बघतोच मी." खोली हसली, मीही हसलो, आणि घरी येताना गाडीवर लक्षात आले की स्वेच्छा या शब्दाचा तिथेच बोजवारा उडाला. दुसऱ्या दिवशी मी वस्तादांना स्पष्ट विनंती केली की सह्यांच्या वेळी त्यांनी बाहेर बसावे. ते थोडे दुखावले, पण बसले. तीसपैकी दोघांनी नकार दिला. अठ्ठावीस उरले, त्यांच्या वजनांप्रमाणे जोड्या लावून चिठ्ठ्या टाकल्या, आणि चौदा-चौदांचे दोन गट झाले.

जूनच्या मध्यावर पूर्वचाचणी घेतली. पहिल्या सकाळी आम्ही तालमीतच मोजायला बसलो आणि दहा मिनिटांत उठलो, कारण मुलांच्या अंगाला तेल होते. आखाड्यातल्या मातीतही तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरलेले असते. सांगलीच्या हळदीची ही बाजू मी विसरलो होतो. तेलकट कातडीवर घडी बोटांतून निसटते, पेनाची खूण उमटत नाही, आणि मेहनतीनंतर कातडीकडे धावलेल्या रक्ताने घडी जाडही लागते. म्हणून मोजमाप रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, पहाटे उपाशीपोटी, आंघोळ करून अंग कोरडे केल्यावर, असे ठरवले. धावण्याच्या चाचणीला कोरडी जागा हवी होती. लग्नसराई सरत आलेली असल्याने गावातल्या मंगल कार्यालयाचे सभागृह मिळाले. वीस मीटर अंतरावर दोन पट्ट्या चिकटवल्या आणि लेजे यांनी बसवलेली बीप चाचणी तिथे घेतली, जिच्यात पुढची बीप वाजेपर्यंत समोरची पट्टी गाठायची असते आणि जिचा वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्याने वाढतो. त्याखेरीज जागेवरून लांब उडी, हाताच्या पकडीची ताकद आणि चामड्याचा भरीव पुतळा तीस सेकंदांत किती वेळा फेकता येतो, एवढ्या चाचण्या ठेवल्या. उठबशीची जास्तीत जास्त ताकद मी मुद्दाम घेतली नाही. एक गट बारा आठवडे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढणार आणि मग उठाबशांतच सरस ठरणार, यात सिद्ध काय होते? मॅडमना हा निर्णय आवडला. त्यांनी माझे कौतुक केल्याचे ते एकमेव ठिकाण आहे.

आकडे संगणकात भरायला बसलो आणि दुसरा धक्का बसला. मिलिमीटरचे रूपांतर चरबीच्या टक्केवारीत करायला सूत्रे असतात. ड्युर्निन आणि वोमर्स्ली यांचे १९७४चे सूत्र दंडाच्या पुढच्या-मागच्या, पाठीच्या आणि कमरेवरच्या चार घड्यांवर चालते. जॅक्सन आणि पोलॉक यांचे १९७८चे पुरुषांसाठीचे सूत्र छाती, पोट आणि मांडी या तीन घड्यांवर. दोन्हींतून शरीराची घनता मिळते आणि ती सिरी यांच्या १९६१च्या समीकरणात घातली की टक्केवारी येते. वीस वर्षांच्या एका मुलाच्या पहिल्या चार घड्यांची बेरीज ३६ मिलिमीटर होती, दुसऱ्या तिघींची ३२. पहिल्या सूत्राने त्याच्या अंगात १४.९ टक्के चरबी निघाली आणि दुसऱ्या सूत्राने ८.६. मुलगा तोच, सकाळ तीच, चिमटा तोच. रात्री साडेअकरापर्यंत मी चुकीची शोधाशोध करत होतो, पण गणित बरोबर होते.

कारण वाचनात सापडले. ड्युर्निन आणि वोमर्स्ली यांचे सूत्र ग्लासगोतल्या ४८१ स्त्री-पुरुषांवर बसवलेले आहे, आणि ते बैठका मारणाऱ्या, खुराक खाणाऱ्या सांगलीच्या पोरांना तसेच्या तसे लागू पडावे असे काही त्यात नाही. वर सिरी यांचे समीकरण असे धरते की चरबीखेरीजच्या भागाची घनता सगळ्यांची १.१ असते, तर दणकट हाडांच्या आणि भरलेल्या स्नायूंच्या माणसात ती तशी राहीलच याची खात्री नसते. भारतीयांबाबत आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी प्रबंधातही घातली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आपले दोघांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हा आकडा सारखा असूनही आतला ऐवज किती वेगळा असू शकतो, हे त्या एका चित्रात दिसते. माझ्या नमुन्यात याची उलटी बाजू होती. एक भारी गटाचा मुलगा १७२ सेंटिमीटर उंच आणि ९४ किलोचा होता, म्हणजे इंडेक्स जवळपास ३२, तक्त्याप्रमाणे सरळ लठ्ठ; त्याच्या मांडीवरची घडी माझ्या मांडीच्या निम्मीही नव्हती. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर बेन्के यांना १९४२ मध्ये हेच दिसले होते, जेव्हा पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी सतरा जण उंची-वजनाच्या तक्त्यावरून सैन्यासाठी अपात्र ठरत होते आणि पाण्याखाली वजन केल्यावर त्यांतल्या बहुतेकांचे जादा वजन चरबीचे नव्हतेच. त्यामुळे टक्केवारी हा शब्दच मी प्रबंधातून काढून टाकला आणि आठ घड्यांची मिलिमीटरमधली नुसती बेरीज ठेवली. ती कुठल्याही सूत्रावर अवलंबून नाही; ती खोटी ठरलीच तर फक्त बोटांमुळे ठरेल.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण ते अपेक्षेपेक्षा सुरळीत झाले. उठाबशा, डेडलिफ्ट, वजन ओढण्याचे दोन प्रकार, तीन ते पाच फेऱ्या, दर दोन आठवड्यांनी थोडी वाढ. शनिवारी सभागृहात वीस मीटरच्या दहा-दहा वेगवान धावा. अडचण झाली ती भार मोजण्याची. कार्ल फॉस्टर यांची पद्धत अशी की सत्रानंतर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती जड गेले, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने दोन किंवा तीन सांगितले. घशाला कोरड पडलेला, भिंतीला टेकून बसलेला मुलगासुद्धा "काय न्हाई सर, सोपं गेलं" म्हणत होता, कारण दहा पावलांवर वस्ताद खाटेवर बसलेले होते. मग आम्ही चिठ्ठ्या आणि पत्र्याची पेटी ठेवली. दुसऱ्या आठवड्यापासून सात आणि आठ दिसू लागले. गंमत म्हणजे केवळ बैठका-जोर करणाऱ्या गटाचे आकडे बऱ्याचदा जास्त होते. हजार बैठकांना मी मनातल्या मनात कमी लेखत आलो होतो.

खुराकावर माझे नियंत्रण नव्हते आणि ते असल्याचा आव मी आणला नाही. दूध, बदामाची थंडाई, तूप आणि अंडी ज्याच्या त्याच्या घरच्या परिस्थितीप्रमाणे येत होती. महिन्यातून एकदा आदल्या दिवशी काय खाल्ले ते लिहून घेतले, एवढेच.

सातव्या आठवड्यात कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या आल्या आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी इशाऱ्याच्या चाळीस फुटांकडे चढू लागली. २०१९च्या ऑगस्टमध्ये तीच पातळी सत्तावन्न फुटांपलीकडे गेली होती, त्यामुळे आमच्याकडे कुणी धोक्याच्या पंचेचाळीस फुटांची वाट बघत बसत नाही. नदीकाठच्या गावची अकरा मुले जनावरे हलवायला घरी गेली आणि तालमीतले सामान माडीवर चढले. पाणी वेळेत उतरले, पण आठ दिवस गेले. मी ते आठ दिवस प्रबंधात लपवले नाहीत आणि शेवटी एक आठवडा वाढवूनही घेतला नाही, कारण पुढे पितृपक्षानंतर सभागृह मिळणार नव्हते. तोवर चौघे गळाले होते: दोघे सैन्यभरतीला, एक गुडघ्याच्या दुखापतीने, आणि एक जण मला न सांगता, जो त्याचा हक्कच होता. उत्तरचाचणीला दोन्ही गटांत बारा-बारा उरले.

उत्तरचाचणीच्या रविवारी तीन मुले डोळे खोल गेलेल्या चेहऱ्याने आली. दोन दिवसांनी मॅटवरची निवड चाचणी होती आणि ती वजन 'काढत' होती, म्हणजे पाणी बंद, जर्सीवर जर्सी घालून धावणे आणि थुंकणे. एकाचे वजन चार दिवसांत साडेतीन किलो उतरले होते. त्यांना मोजण्यात अर्थ नव्हता. अंगातले पाणी गेलेल्या माणसाची घडीही वेगळी लागते. त्यांची चाचणी दहा दिवस पुढे ढकलली. वस्तादांशी मात्र त्या दिवशी माझा जरा वाद झाला. अमेरिकेत १९९७ मध्ये अशाच घाईच्या वजनकपातीत तीन महाविद्यालयीन पैलवान दगावले आणि त्यानंतर तिथे हंगामापूर्वी चरबी आणि लघवीची घनता मोजून प्रत्येकाचे किमान वजन ठरवण्याचा नियम झाला, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "ऑलिंपिकात विनेश फोगाटचं शंभर गिराम न्हाई उतरलं तर काय झालं बघितलं न्हवं? मग आमी काय करायचं?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मुलाला मुळात चुकीच्या वजनगटात घातले की मग शेवटच्या रात्री शंभर ग्रॅमच उरतात, असे मी म्हणालो, आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

आता मित्राचे कुतूहल. मॅडमनी सुरुवातीपासून आग्रह धरला होता की पूर्वचाचणीत आणि उत्तरचाचणीत प्रत्येक मुलाला आम्ही दोघांनीही स्वतंत्रपणे मोजावे. मित्राला कोण कुठल्या गटात ते माहीत नसावे. आणि पूर्वचाचणीचे सगळे कागद लखोट्यात बंद करून त्यांच्याकडे राहावेत. मला हे वेळखाऊ वाटले होते. तोपर्यंत आमच्या दोघांचीही त्रुटी चार टक्क्यांच्या आसपास आलेली होती, त्यामुळे माझ्या हातावर माझा पूर्ण भरवसा होता.

लखोटे फोडले तेव्हा माझ्या मोजमापांप्रमाणे वजने उचलणाऱ्या गटाच्या आठ घड्यांची बेरीज सरासरी सात मिलिमीटरने घटली होती आणि नुसत्या मेहनतीच्या गटाची तीनने. मी आनंदाने खुर्चीतून उठलोच. मॅडमनी मित्राचे तक्ते पुढे केले. त्याच मुलांचे, त्याच सकाळी, त्याच खुणांवर घेतलेले त्याचे आकडे सांगत होते की दोन्ही गट चार-साडेचार मिलिमीटरने घटले, फरक जवळजवळ नाहीच.

बराच वेळ मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत राहिलो. मी एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता. पण मला गट माहीत होते, माझ्या मुलांची चरबी घटावी ही इच्छा होती, आणि घडी उचलताना बोटे किंचित कमी कातडी घेत होती किंवा काटा किंचित उशिरा वाचत होती. दोन सेकंदांऐवजी तीन सेकंद थांबले की जबड्याखालची चरबी आणखी दबते आणि आकडा उतरतो, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत होतो. त्रुटीचे गणित इथे कामाला आले नाही, कारण ती हाताची डळमळ मोजते. माझा हात डळमळत नव्हता. तो ठामपणे एका बाजूला झुकलेला होता, आणि चोवीस मुलांची सरासरी काढल्याने असा झुकाव धुऊन निघत नाही.

एका ओळखीच्या संशोधकाने फोनवर सल्ला दिला की पीएच.डी. तुमची आहे, तेव्हा आकडेही तुमचेच घाला, मित्राचे नाव ऋणनिर्देशात टाका. दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या टी चाचणीत माझे आकडे ०.०५च्या पातळीवर अर्थपूर्ण ठरले असते हेही खरे. दोन रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो. शेवटी प्रबंधात दोन्ही तक्ते गेले, निष्कर्ष मित्राच्या तक्त्यावरून काढला, आणि माझ्या तक्त्याच्या खाली तो का वेगळा आहे याची दीड पाने लिहिली. ती दीड पाने मी बाकी प्रबंधापेक्षा जास्त वेळा खोडून लिहिली आहेत.

कामगिरीचे चित्र वेगळे होते, आणि तिथे टेपपट्टीला माझी इच्छा माहीत नव्हती. जागेवरची लांब उडी वजने उचलणाऱ्या गटात सरासरी अकरा सेंटिमीटरने वाढली, दुसऱ्या गटात चारने. हे चार चाचणीची सवय झाल्याचे असावेत, आणि दुसरा गटच नसता तर मी सगळ्या अकराचे श्रेय घेतले असते. पुतळाफेक पहिल्या गटात थोडी जास्त सुधारली. बीप चाचणीत दोघे सारखे. पकडीच्या ताकदीत कुणातच काही हलले नाही; दोर चढणाऱ्या आणि रोज लढणाऱ्या मुलांच्या पंजात वाढायला फारशी जागा उरलेली नसावी, असे मला वाटते. वजनात दोन्ही गट किलोभराने वाढले.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा वेळ त्या दीड पानांवर घालवला. शीर्षकात शरीरसंरचना आहे आणि निष्कर्षात तिच्यावर वेगळा परिणाम नाही, मग या कामाचे फलित काय, असे त्यांनी दोनदा विचारले. मी सांगितले की बारा आठवड्यांत, एवढ्या मुलांत, तालमीच्या नेहमीच्या मेहनतीपेक्षा जास्त चरबी आमच्या कार्यक्रमाने घटवल्याचा पुरावा मला मिळाला नाही, पण स्फोटक ताकद वाढल्याचा मिळाला, आणि तीही बैठका कमी करून. त्यांनी मान हलवली की नाही ते मला आता आठवत नाही. मला मागच्या रांगेत बसलेल्या मित्राचा घाबरलेला चेहरा तेवढा आठवतो.

पदवीचे पत्र आल्यावर मी पेढे घेऊन तालमीत गेलो आणि प्रत्येक मुलाला त्याच्या आकड्यांचा कागद दिला. वस्तादांना सगळा निकाल समजावून सांगितला. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचार करून म्हणाले, "म्हंजे चरबी मेहनतीनं बी तेवढीच गेली, उडी तेवढी जिमनं वाढली." दहा मिनिटांच्या माझ्या व्याख्यानाचा एवढाच अर्थ होता. वजनांचे दोन दिवस त्यांनी आता सगळ्यांना लावले आहेत, बार आणि तव्यांसाठी गावातून वर्गणीही काढली आहे. भारी गटातल्या त्या मुलाचे वजन दर रविवारी पहाटे वहीत लिहिले जाते आणि हंगामाआधी दोन महिने त्याचा गट ठरतो.

निघताना त्यांनी विचारले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजायला येणार का. मी म्हणालो, येणार, पण चिमटा मित्राच्या हातात असेल आणि मी बाजूला बसून आकडे लिहून घेईन.